गाळलेल्या फ्रेम्स

२ जून
आज रुजू झाले. खिडकी मोठी आणि खुर्ची चक्क न करकरणारी! साहेबांनी स्वतः चहा मागवला. शेजारच्या टेबलावरच्या ताई भलत्याच गप्पिष्ट. दुपारपर्यंत त्यांनी माझ्यासाठी एक स्थळही शोधून ठेवलं. काम आवडीचं आहे, आकड्यांचे आलेख करायचे आणि ते हलते करायचे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे कार्टूनं काढतेस होय?

५ जून
कंपनीच्या गोदामाला काही महिन्यांपूर्वी आग लागली होती. चौकशी समितीसाठी तिचं अ‍ॅनिमेशन करायचंय. आत सात कामगार होते. कोण कधी कुठे होता, हे त्यांच्या गळ्यातल्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्यांमुळे नोंदलं गेलंय. पडद्यावर गोदामाचा नकाशा, त्यावर सात लाल ठिपके. प्ले दाबलं की चालतात, पॉज केलं की थांबतात. शेवटी सगळे मागच्या दाराकडे धावतात, एकमेकांवर चढतात आणि तिथेच राहतात. दाराला बाहेरून कुलूप होतं. साहेबांनीच लावायला लावलेलं, असं ताई हळूच म्हणाल्या.

९ जून
साहेबांनी बोलावलं. दाराकडे धावतानाच्या फ्रेम्स गाळायच्या. माणसं जागच्या जागी बेशुद्ध पडली असं दिसायला हवं. नोकरी नवी आहे, फार डोकं चालवू नकोस, असंही म्हणाले. गाळल्या. फारसा वेळही लागला नाही. जेवताना ताई डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसल्या.

११ जून
पॉज असताना ठिपके हलले. प्रोग्राममध्येच काहीतरी गडबड असणार. ताईंना दाखवलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या, पर्स उचलली आणि रजेवर गेल्या.

१२ जून
प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. तरी चालतातच. नकाशाच्या कडेला आलेत. एक तर कडेबाहेर, कोऱ्या पांढऱ्यावर.

१३ जून
नकाशा बदलला. मी नाही बदलला. हा आमच्या ऑफिसचा मजला आहे! सातही ठिपके साहेबांच्या केबिनमध्ये शिरले, आणि भर दुपारी आतून किंकाळ्या. दार उघडा, दार उघडा म्हणून. कुलूप नव्हतं, कडी नव्हती. शिपायानं नुसतं ढकललं तर उघडलं. साहेब दाराशीच पडलेले. नखं तुटलेली, नाकातोंडात काजळी. धूर कुठेच नाही.
खरं सांगू? मला वाईट वाटलं नाही.

१४ जून
ठिपके केबिनमधून निघाले. माझ्या टेबलाकडे—
गाळलेल्या फ्रेम्स परत जोडल्या. समितीला पाठवल्या, कुलपाचंही लिहिलं. पडद्यासमोर हात जोडून म्हटलं, मी फक्त सांगितलं तेवढं केलं हो. एक ठिपका क्षणभर थांबला. बाकीचे नाही. मग तोही—

१५ जून
खोलीवर पळून आले. लॅपटॉप बंद होता. आपोआप उजळला. माझी खोली— पलंग, टेबल, दार. दाराशी सात लाल. पलंगावर एक निळा. निळा म्हणजे मी.
दार सताड उघडं ठेवलंय. तिथवर गेले, तर हाताला लाकूड लागतं. गरम—
परत पलंगावर. ते आत आलेत. पॉज दाबलं. लाल चालतातच. थांबला तो फक्त निळा.
पाय हलत नाहीत. मान नाही. हात अजून