शनिवारची पन्नास मिनिटं

८ नोव्हेंबर, शनिवार

पन्नास मिनिटं! घड्याळ लावून मोजली मी, स्मृती नगरात त्या काउन्सेलर बाईच्या फाटकाबाहेर स्कूटीवर बसून. मार्चमध्ये यांचा धाकटा भाऊ पराग अटॅकने गेला, तेव्हापासून ज्यांनी मला ‘हं’ आणि ‘नाई’शिवाय शब्द ऐकवला नाही, ते आमचे हे आत एका परक्या बाईशी पन्नास मिनिटं बोलत होते. बाहेर आले ते रडून डोळे लाल करून.

“काय विचारलं तिनं?”

“फॉर्म भरून घेतला. झोप लागते काय, जेवण जाते काय, घरी कोण कोण हाय.”

घरी कोण कोण हाय! मग माझ्याबद्दल काय सांगितलं असेल? माझी वटवट? विचारायचं धाडस झालं नाही. स्कूटी सुरू केली.

९ नोव्हेंबर

गोळी नाही, सल्ला नाही. “एका दिवसात काई होत नाई, टाइम लागते,” म्हणे ती यांना. अजून सहा-सात शनिवार तरी. सहा-सात! मी जळते. लिहूनच टाकते – जळते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज सोबत गेलेच नाही. हे एकटे जाऊन आले आणि पोळी मागून घेतली. आठ महिन्यांत पहिल्यांदा! मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आठ महिने यांच्या आवडीची वांग्याची भाजी मी करते, आणि श्रेय त्या बाईला.

“मॅडम म्हणते, चूप बसलं तरी चालते तिथं.”

वा! चूप तर घरीही बसता की.

१७ नोव्हेंबर

तिला फोन केला. नाव सांगितलं – कलावती झाडे. खोटं नाही, माहेरचंच आहे. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात ‘दुर्गा’ लिहिलं, तेव्हापासून त्या जुन्या नावाने कोणी हाक मारत नाही, एवढंच. गुरुवारी बोलावलंय. बाई कशी आहे ते पाहायचं आणि उठून यायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

साठीची निघाली! पिकलेले केस, सुती साडी, पायात मोजे. आणि मी काय काय समजून बसले होते.

“यहाँ की बात यहीं रहेगी,” म्हणाली. मी कंबरदुखीचं सांगायचं ठरवून गेले होते. तिने नुसतं विचारलं, “आप कैसी हैं?” – आणि मी रडायलाच लागले. थांबेचना! चौदा वर्षांचा होता पराग, शिकायला आमच्याकडे आला तेव्हा. त्याचा डबा मी भरला, तापात उशाशी मी बसले. तो गेला तेव्हा जो येई तो यांच्याकडे बघून मला म्हणे, “प्रफुल्लले सांभाळ.” मला कोणी काही विचारलंच नाही.

परागचं नाव ऐकून तिचं पेन थांबलं. “घर से कोई और भी यहाँ आता है?”

कबूल केलं. रागावली नाही. एकाच घरातल्या दोघांना घेता येत नाही म्हणाली, दुसऱ्या मॅडमचा नंबर दिला. “घर में आप ही बताइए. मैं नहीं बताऊँगी.”

२१ नोव्हेंबर

सांगितलं नाही. दुसरी मॅडम नको मला. हीच हवी! यांनाच का मिळावी ती? परवापर्यंत तिच्यावर जळत होते, आज यांच्यावर. लाज वाटते, पण आहे ते आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सांगून टाकलं. हे निघायला चप्पल घालत होते. वाटलं, आता भडकणार, पुन्हा कधी तिकडे जाणार नाहीत. यांना बोलायला होती ती एक जागाही मी घालवली. यांनी चप्पल काढून ठेवली.

“तूच जाय तिच्याकडं. दोन्ही शनिवार मी तुह्यावरच बोलून राहिलो. पराग गेला अन् तू एक डाव रडली नाई. मले भेव वाटते, दुर्गा.”