आठ दिवस आवार झाडण्याची पाळी

आदरणीय गुरुजी,

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. शाळेचा चार्ज माझ्याकडे आला, म्हणून आज मी कपाटातल्या वस्तूंची यादी करत होते. तिसऱ्या खणात मुलांच्या सभेची वही सापडली. यादी तिथेच थांबली आणि मी हे पत्र लिहायला बसले.

वहीत शेवंताच्या अक्षरात लिहिलं आहे : 'नकाशा गुरुजींनी मोडला. नियमापरमानं आठ दिवस आवार झाडायचं. गुरुजींनी कबूल केलं.' खाली तुमची सही. शेजारी मीही शिक्षिका म्हणून सही केली आहे! न वाचता केली. मी, जी मुलांचा एक अनुस्वारही सोडत नव्हते.

नकाशा तुम्ही मोडला नव्हता, गुरुजी. मी मोडला होता.

मी आले तो पहिला आठवडा आठवतो का तुम्हाला? सांगलीच्या कॉलेजात शास्त्र शिकलेली, साताऱ्याला मोजणी खात्यातल्या वडिलांकडून जमीन मोजायची साखळी धरायला शिकलेली मी, आणि आटपाडीच्याही पलीकडची ही तीन खोल्यांची शाळा. इथे घंटा मुलं वाजवायची, हजेरी मुलं मांडायची, पाण्याचा रांजण कोणी भरायचा ते शनिवारच्या सभेत मुलंच ठरवायची. सामाईक वस्तू मोडली तर शिक्षाही त्यांचीच. घंटा चार-पाच मिनिटं चुकायची. मी तक्रार केली तेव्हा तुम्ही हसलात.

"बाई, शाळा पोरांची हाय. येऊन जातो त्ये आपण."

मला ते शिस्त नसल्याचं समर्थन वाटलं.

महायुद्धामुळे कागद मिळत नव्हता, म्हणून मुलांनी आवारातच मातीचा गावनकाशा घातला. एकवीस दिवस खपत होती. टेकड्या चिखलाच्या, रस्ते चुन्याचे, माणगंगेचं कोरडं पात्र खऱ्या नदीतल्या वाळूचं. त्या वाळूत शेवंतानं बोटानं सात खळगे केले होते, उन्हाळ्यात वाळू उकरून पाणी काढतात त्या सात झिऱ्यांचे. मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातली मुलगी; वर्षातले चार-पाच महिनेच शाळेत असायची. पाणी कुठं आहे ते मात्र तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मला काय दिसलं? देऊळ डोंगराएवढं. उत्तर दिशा जवळजवळ वीस अंशांनी चुकलेली. आणि दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेबांची तपासणी.

बाजाराचा दिवस होता, शाळेला सुट्टी. मी एकटीनं तो नकाशा फावड्यानं सपाट केला आणि प्रमाण धरून नवा घातला. सात खळगे मी जाणूनबुजून वगळले. सरकारी नकाशात ते नव्हते. झिरे दर वर्षी जागा बदलतात. जे कायम नाही ते नकाशात येत नाही, असं मला शिकवलं होतं.

तुम्ही बाजारातून आलात तेव्हा माझे हात कोपरापर्यंत मातीचे होते. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत.

"पोरांस्नी इचारलं का?"

"वेळ नव्हता."

"त्यास्नी होता की वं."

एवढंच! रागावला का नाहीत तेव्हा? माझ्यावर चिडायचं राहून गेलं तुमचं, आणि ते मला आज तुमच्याकडून हवं होतं.

इन्स्पेक्टरसाहेबांनी नकाशाची तारीफ केली. मग मुलांना विचारलं, "उन्हाळ्यात पाणी कुठून आणता रे?" एकही हात वर झाला नाही. शेवंता पुढे आली, वाळूवरून तिनं नजर फिरवली, बोट उचललं आणि ते ठेवायला जागाच नव्हती. ती मागे सरकली. "नकाशा उत्तम, मुलं मात्र बुजरी," असा शेरा साहेबांनी दिला. ती मुलं, जी मला रोज दहा प्रश्न विचारून हैराण करायची!

शनिवारी सभा भरली. शेवंता उभी राहिली. "नवा नकाशा बाईंनी घातला, त्ये दिसतंया. आमचा कुनी मोडला?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. गुरुजी, मी आतल्या आत आकडे मोजत होते. दहापर्यंत मोजले. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मी जबाब का द्यावा, असं स्वतःला सांगत होते. अकराव्याला तुम्ही उठलात.

"म्या मोडला. न इचारता मोडला. चुकलं माझं."

कुणी हसलं नाही. मागून एक जण म्हणाला, "गुरुजी हायती म्हनून सूट न्हाई हां!" आणि तुम्ही म्हणालात, "मागितलीया कुनी?"

मग आठ दिवस तुम्ही नाकाला उपरणं बांधून आवार झाडत होतात. तुमचा दमा मला माहीत होता. तिसऱ्या दिवशी मी जवळ येऊन म्हटलं, "शोभत नाही हे. मुलांना सांगून टाका, पुरे झालं." तुम्ही खोकला थांबेपर्यंत खराट्यावर टेकून उभे होतात.

"पाळी हाय. मोडली तर उद्या त्यांनी कशाला पाळावी?"

तुमचं जाणं त्यानंतर नऊ महिन्यांनी झालं. त्या धुळीशी त्याचा संबंध नाही, हे डॉक्टरांना मी विचारून घेतलं आहे. का विचारलं, ते तुम्हाला सांगायला नको.

एक गोष्ट तुम्ही पाहिली होती की नाही, कोण जाणे. त्या सभेनंतर शेवंता वर्गात मला प्रश्न विचारीनाशी झाली. उत्तर येत असलं तरी खाली बघते. काल रांजण रिकामा होता. मी विचारलं, पाळी कुणाची? सगळी म्हणाली, "बाई, तुमी सांगाल त्याची." माझ्या मनासारखं झालं, नाही का? घंटाही आता वेळेवर वाजते. मी वाजवते.

परवा शनिवार आहे. तुम्ही गेल्यापासून सभा भरलेली नाही. मुलांनी मागितली नाही आणि मी बोलावली नाही. परवा बोलावणार आहे. वही शेवंताच्या हातात देईन आणि सगळ्यांसमोर सांगेन की ती नोंद खोटी आहे, नाव माझं लिहा. त्यांनी आठाचे सोळा दिवस केले तरी झाडीन. मातीचा तो नकाशा परत घालायचा का, हेही मुलंच ठरवतील. घालायचा ठरला तर मी पाणी आणून देईन, माझी साखळी घरी ठेवून.

खराटा कुठे ठेवलेला असतो, ते मला ठाऊक नाही. इतक्या महिन्यांत कधी पाहिलंच नाही. मुलांना विचारीन.

तुमची अपराधी,
सुमन