ऑनलाइन शाखेची शिक्षेची खोली

दि. १ जून, सकाळी
जी अक्षराला अर्थ देते आणि अर्थाला प्रतिष्ठा देते, त्या विद्यादेवतेच्या चरणी मस्तक ठेवून, आणि ज्यांनी मला घडवले त्या गुरुजनांचे स्मरण करून, ही रोजनिशी आरंभीत आहे. हिचा वाचक मीच. तितक्या अधिकाराचा दुसरा वाचक तूर्त आढळात नाही.

आता प्रस्तुत विषय. अध्यापक मंडळाच्या नव्या ऑनलाइन शाखेचे अध्यक्षपद काल मजकडे आले. निवड बिनविरोध. सचिव म्हणतात, दुसरे कोणी तयारच नव्हते. मी त्याचा अर्थ असा लावतो की माझ्यासमोर उभे राहण्याचे धैर्य कोणास झाले नाही. सचिव विज्ञान शिकवतात. त्यांच्याकडून सूक्ष्म अर्थाची अपेक्षा नाही.

नेमणूक तूर्त तीन महिन्यांची. ऑगस्टअखेर मध्यवर्ती कार्यकारिणीचे निरीक्षक एका सभेस बसतील. शाखा ठेवायची की बंद करायची, आणि मला कायम करायचे की नाही, हे तेच ठरवतील. निवृत्त झाल्यापासून घरात बसून मी एक गोष्ट पाहिली आहे: ज्याला पद नाही त्याला चहासुद्धा दुसऱ्या फेरीत मिळतो. हे पद मी सोडणार नाही.

संकल्प: दर मंगळवारी सायंकाळी सभा. माझे प्रवचन एक तास. शंका शेवटी, वेळ उरल्यास. वेळ उरणार नाही.

दि. ३ जून
पहिली सभा. विषय: श्रवणाचे माहात्म्य. सभासद कमालीचे शांत. मधूनमधून डोळे उघडले तेव्हा काही हात हलवून अभिवादन करीत होते, काही भक्तिभावाने कानाकडे बोट नेत होते. अशी तन्मयता मी अलीकडे पाहिली नव्हती.

सभेनंतर सचिवांचा फोन. ‘सर, तुम्ही म्यूट होतात. पहिल्यापासून.’ मग सांगितले का नाही, असे विचारले. म्हणाले, ‘सगळेच खुणांनी सांगत होते सर. तुम्ही डोळे मिटून बोलत होतात.’

ऐकू आले असते तरी त्यांना कळले असते असे नाही. नुकसान त्यांचे.

दि. ४ जून
सूनबाई एका औषध कंपनीचे काम घरून करते आणि दिवसभर अशाच सभांत असते. तिने मला बटणे समजावून दिली. एका बोटाने सर्वांचा आवाज बंद करता येतो, हे कळले तेव्हा मन भरून आले. आयुष्यभर टेबलावर छडी आपटून जे साधले नाही ते या यंत्राने दिले. विज्ञानाविषयी माझे मत किंचित सुधारले. सचिवांविषयी नाही.

दि. १० जून
सर्वांचा आवाज बंद करून हजेरी घेतली. नाव पुकारल्यावर एकही ‘उपस्थित’ म्हणेना. शाळाशाळांतून नावाजलेले हे शिक्षक, आणि यांना आपण हजर आहोत एवढेही सांगता येत नाही. सगळ्यांना गैरहजर लावले.

सूनबाई दारात उभी होती. म्हणाली, ‘बाबा, त्यांचं तोंड तुम्हीच बंद केलंय ना?’ मी म्हटले, जिज्ञासू माणूस मार्ग काढतो.

दि. १७ जून
शिस्तीचा नवा नियम: बोलणाऱ्याने उभे राहून बोलावे. पहिल्या नावाला इतिहासाचे शिक्षक उभे राहिले. कॅमेरा होता तिथेच राहिला. पडद्यावर पोट, शर्टाची शेवटची तीन बटणे, आणि खाली फुलाफुलांची अर्धी चड्डी. वर कोट होता. बालवाडीच्या बाई हसत हसत पडद्याबाहेर गेल्या त्या आल्याच नाहीत.

नियम तूर्त स्थगित. उभे राहण्याचीही पात्रता लागते.

दि. २४ जून
शाखेत एक तरुण गणितवाले आहेत. मी त्यांना मनात ‘शंकेखोर’ म्हणतो. प्रवचन ऐन रंगात असताना पडद्यावर यांचा पिवळा हात वर. तो खाली जाईना, तेव्हा आवाज सोडला.

म्हणाले, ‘सर, माझ्या वर्गात नऊ मुलं आहेत, त्यांना अजून वाचताच येत नाही. गणित चुकतं कारण उदाहरणच वाचता येत नाही. इथे कुणी यावर काय करतं, ते ऐकायचं होतं. त्यासाठीच शाखेत आलो.’

मी त्यांना समजावले की आपण आज श्रवणाच्या सहाव्या अंगावर आहोत. मुले थोडी थांबू शकतात.

‘ती थांबलेलीच आहेत सर. दुसरीपासून,’ हे त्यांचे उत्तर.

उद्धटपणा आणि गणित यांचे नाते मी फार पूर्वी ओळखले होते. आवाज बंद केला.

दि. २५ जून, दुपारी
सूनबाईकडून नवे बटण. सभा चालू असतानाच कोणालाही उचलून बाजूच्या एका वेगळ्या खोलीत बसवता येते. तिथले इथे ऐकू येत नाही, इथले तिथे नाही. तिच्या कंपनीत म्हणे लहान लहान गटांत चर्चा करण्यासाठी हे वापरतात. व्यापारी बुद्धी. माझ्या डोळ्यांपुढे तत्क्षणी वर्गाबाहेरचा व्हरांडा उभा राहिला, जिथे अंगठे धरायला लावून मी अर्धी पिढी घडवली.

सूनबाई म्हणाली, ‘मोठ्या माणसांना शिक्षा करणार तुम्ही? बाबा, ते फुकट येतात हो.’

म्हणूनच किंमत नाही.

दि. १ जुलै
शंकेखोरांचा हात वर होताच त्यांना बाजूच्या खोलीत पाठवले. एकटेच. सभा संपताना परत आणले. चेहऱ्यावर पश्चात्ताप शोधला. म्हणाले, ‘पेपर तपासून झाले सर. थँक्यू.’

पश्चात्ताप कधीकधी उशिरा प्रकट होतो.

दि. ८ जुलै
इतिहासवाले कॅमेऱ्यासमोर केळे खाताना सापडले. शिक्षेच्या खोलीत. बालवाडीच्या बाई त्यांच्याकडे पाहून हसल्या. त्याही. शंकेखोर तर आता आल्याआल्याच जातात, मला बटण दाबण्याचेही श्रम नकोत म्हणून. तिघे तिथे एकमेकांचे तोंड पाहत काय करत असतील, या विचाराने प्रवचनाला आज वेगळीच धार आली.

दि. १५ जुलै
प्रवचन संपवून शिक्षितांना परत बोलावले. कोणी येईना. सचिव जरा चाचरत म्हणाले, ‘सर, त्यांना अजून पंधरा मिनिटं देता का? बाईंचं अर्धवट राहिलंय.’

शिक्षेत अर्धवट काय राहते? बालवाडीच्या बाईंनी आजवर पाटीवर रेघोट्या ओढण्यापलीकडे काय शिकवले असेल?

दि. २१ जुलै
दोन सभासदांचे फोन. एक संगीताचे शिक्षक, एक मुख्याध्यापिका. दोघांचे सांगणे जवळजवळ एकच. मुख्याध्यापिका बाईंचे शब्द: ‘सर, उद्या माझ्याकडून थोडी बेशिस्त होणार आहे. तुम्ही चिडण्यापेक्षा आधीच आत पाठवलंत तर तुमचाही वेळ वाचेल.’

अपराधापूर्वी कबुली. माझ्या सहवासाने यांच्यात सदसद्विवेक जागा होऊ लागला आहे. दोघांना पाठवण्याचे ठरवले.

दि. २९ जुलै
शिक्षेची खोली भरत चालली आहे. समाजाची नैतिक घसरण किती वेगाने होते आहे, याचे यापेक्षा स्पष्ट दर्शन नाही.

सचिव म्हणाले, ‘सर, आत बरीच मंडळी झालीत. मी बंदोबस्ताला जाऊ का?’ जबाबदारीची ही जाणीव पाहून बरे वाटले. पाठवले. ते परतले नाहीत. बंदोबस्त अवघड असावा.

दि. ५ ऑगस्ट
आज सभागृहात मी आणि भूगोलाच्या बाई. फक्त आम्ही दोघे. पण काय ती श्रोती. एक अक्षर बोलत नाहीत. मान संथ डोलते, मग चष्मा वर करतात, मग कप उचलून एक घोट, मग पुन्हा मान. माझ्या गहनातल्या गहन विधानालाही त्यांनी मान डोलावली. शंभर बेशिस्तांपेक्षा असा एक कान पुरे.

सूनबाई मागून पाहत होती. म्हणाली, ‘बाबा, या दर वेळी याच कपड्यांत असतात. आणि तो कप भरतो कधी?’

साधेपणा आणि तृप्ती. हल्लीच्या पिढीला दोन्ही अपरिचित.

दि. १२ ऑगस्ट
भूगोलाच्या बाईंना ‘श्रवणरत्न’ ही पदवी माझ्या अधिकारात बहाल केली. त्यांनी मान डोलावली, चष्मा वर केला, कप उचलला. आनंदाचे प्रदर्शन नाही. किती संयम.

हिने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, जेवताना विचारले, ‘अहो, सगळे जर आत असतात, तर तुम्हीच का नाही जात आत?’

मी घास खाली ठेवला. शिक्षेच्या खोलीत, अध्यक्षाने? ही म्हणाली, ‘नाही, मी आपलं विचारलं. बाहेर तुम्ही आणि ती बाई दोघंच बसता, बरं दिसत नाही.’

स्त्रियांना संस्थात्मक रचना कळत नाही.

दि. २५ ऑगस्ट
उद्या निरीक्षक. कोट इस्त्रीला. पाण्याचा तांब्या उजवीकडे. प्रवचनाचा विषय: अधिकारी कोण? उत्तर मी सांगणार नाही, ते निरीक्षकांना आपोआप दिसेल. शाखा कायम, मी कायम. अध्यक्षाची पाटी करायला टाकली आहे, पितळी.

दि. २६ ऑगस्ट
जे घडले ते क्रमाने लिहितो, म्हणजे त्यात काही अर्थ आहे का ते मलाच पाहता येईल.

निरीक्षक वेळेवर आले. मध्यमवयीन, आवाज मऊ. त्यांचाही आवाज मी शिस्तीप्रमाणे बंद केला. त्यांनी लिहून विचारले, बाकीचे सभासद कुठे आहेत? मी अभिमानाने सांगितले की बेशिस्तांना वेगळ्या खोलीत डांबले आहे, आणि समोर आहेत त्या श्रवणरत्न, यांना काहीही विचारा. आवाज सोडला.

ते म्हणाले, ‘बाई, शाखा चालू राहावी असं तुम्हाला वाटतं का?’ बाईंनी मान डोलावली. मी हसलो. ते म्हणाले, ‘बंद करावी असं वाटतं का?’ बाईंनी मान डोलावली. मग चष्मा वर केला.

निरीक्षक बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘मला जरा आत पाठवता का सर?’

मी पाठवले. आत जाऊन ते त्या लोकांना दोन शब्द सुनावतील, असे मला वाटले. मी प्रवचन चालू ठेवले. तास संपला. तांब्यातले पाणी संपले. ते आले नाहीत. मी तोच मुद्दा विस्ताराने पुन्हा मांडला. बाईंनी कप उचलला.

निरीक्षक अखेर आले ते हसत. म्हणाले, ‘सर, ही खोली कुणाची कल्पना?’ मी म्हटले, माझी. ‘उत्तम आहे,’ ते म्हणाले. ‘बालवाडीच्या बाईंनी त्या गणिताच्या सरांना रोज दहा मिनिटं मुलांबरोबर कसं वाचायचं ते शिकवलंय. त्यांची नऊपैकी सात मुलं वाचायला लागलीत. संगीतवाले त्यावर चाली बांधतायत. इतक्या शाखा पाहिल्या, पण लोक उठायला तयार नाहीत असं कुठे पाहिलं नाही.’

मी विचारले, आणि माझे प्रवचन? म्हणाले, ‘ते मी ऐकलं नाही सर, मी आत होतो.’ मग, मला वाईट वाटू नये अशा स्वरात, ‘आणि या भूगोलाच्या बाई, हे त्यांचं रेकॉर्डिंग आहे. बाई दुसऱ्या फोनवरून आतच होत्या. छान बोलतात.’

निरीक्षक गेल्यावर मी सभा बंद करायला हवी होती. थोडा वेळ केली नाही. समोर मान डोलत होती.

दि. २९ ऑगस्ट
निर्णय आला. शाखा कायम. शिवाय तिची पद्धत इतर शाखांनी पाहावी, अशी शिफारस. अध्यक्ष: शंकेखोर.

मला कोणतेही पद नाही. प्रथम वाटले की टंकलेखनात काही राहून गेले असावे, म्हणून कार्यकारिणीला फोन केला. काही राहिलेले नव्हते.

विचारान्ती मत असे: ज्यांनी मला ऐकलेच नाही त्यांनी मला नाकारले, याला नकार म्हणता येत नाही. खोली माझी होती. मी त्यांना आत लोटले नसते तर ते एकमेकांना भेटले नसते. ही गोष्ट त्यांना सांगण्याचा मोह मी आवरतो. सूनबाईला सांगितली. ती म्हणाली, ‘खरं आहे ते, बाबा,’ आणि चहा आणायला गेली. तिने थट्टा केली असती तर उत्तर देता आले असते.

पाटीवाल्याला फोन करून विचारले, थांबवता येईल का. म्हणाला, अक्षरं कोरून झाली.

दि. २ सप्टेंबर, मंगळवार, सायंकाळ
सभेची वेळ जवळ आली आणि फोन वाजला. शंकेखोर. मी लगेच उचलला नाही. कोट चढवला, खुर्चीत बसलो, मग उचलला. अखेर मार्गदर्शनासाठी यावेच लागते. कोणत्या विषयाने आरंभ करावा हे मी मनाशी ठरवतच होतो.

‘सर, एकच हवं होतं,’ ते म्हणाले. ‘सभा तुमच्या खात्यावर आहे. पासवर्ड सांगता का? सगळे खोळंबलेत.’

पासवर्ड जूनमध्ये मीच ठेवला होता: आजीव अध्यक्ष. तो मला इंग्रजी अक्षरे सुटी सुटी करून त्यांना सांगावा लागला. मध्ये ते म्हणाले, ‘डबल ए का सर?’ मी म्हटले, होय, डबल. ते हसले नाहीत. हसण्याचा पुरेपूर अधिकार होता.

फोन ठेवण्याआधी म्हणाले, ‘तुम्हीही या ना सर आज.’

मी विचारले, कोणत्या नात्याने?

त्यांना प्रश्न कळला नसावा. म्हणाले, ‘असंच.’

असेच. उभ्या आयुष्यात मी कोठे असाच गेलेलो नाही. प्रमुख पाहुणा म्हणून गेलो, परीक्षक म्हणून गेलो, लग्नकार्यातसुद्धा दोन शब्द बोलण्यासाठी गेलो. असे जाऊन बसतात कुठे, आणि हातांचे काय करतात, हे मला कोणी शिकवलेले नाही. विचारायचे कोणाला, तर तेही त्या खोलीतच.

सभा सुरू होऊन अर्धा तास झाला. कोट अंगावरच आहे. ही दोनदा दारातून डोकावून गेली. सूनबाई म्हणते, लिंक उघडून ठेवली आहे बाबा, नुसतं दाबायचं.

हे पान कोणाच्या हाती पडलेच, तर वाचणाऱ्याचे कल्याण असो. त्याच्या मुलांना वाचता येवो, त्याला बोलायला माणसे मिळोत, आणि कोणी त्याला असेच बोलावले, तर त्याला जाता येवो.