बाळाच्या छातीतला दुसरा श्वास

११ जानेवारी २०२१, सोमवार

आजपासून मी कम्युनिटी नर्स! वॉर्डातली धावपळ संपली. आता माझी गाडी, माझी बॅग आणि गॉलवे शहराबाहेरची ही आयरिश खेडी. निघताना वैदेहीनं डबा हातात दिला आणि शंभरदा बजावलं, "पद्मजा, मास्क काढू नकोस गं, आपल्या घरात तान्हं आहे." मावसबहीण आहे, मी तिच्याकडेच राहते, पण सासूसारखी मागे लागते.

वाटेत एक मेंढी रस्त्यात ठिय्या मारून बसलेली. हॉर्न वाजवला तर आमच्या मिरजेच्या मेट्रनबाई बघायच्या तशी बघायला लागली. शेवटी मीच गाडी दगडी कुंपणाला घासत काढली.

दिवसातलं शेवटचं घर फिलिपिनो कुटुंबाचं. डोमिंगो मीट फॅक्टरीत मांस कापायच्या लाइनवर आहे. बायको रोझाली, नुकती बाळंतीण. बाळाचं नाव मिगेल. डोमिंगोची आई नातवाच्या ओढीनं आली आणि विमानं बंद झाल्यानं अडकली. तिला सगळे लोला म्हणतात, म्हणजे आजी. साखरेमुळे पायाची जखम भरत नाही, तिचं ड्रेसिंग माझ्याकडे. रोझाली मला 'आते' म्हणाली. त्यांच्याकडे आते म्हणजे ताई. मला हसूच फुटलं, एका दिवसात मी कुणाच्या तरी बापाची बहीण झाले! आलं घातलेला गरम मऊभात खाल्ल्याशिवाय लोलानं सोडलं नाही. वाफेनं चष्मा भरला. गावाकडून आल्यापासून इतकं आपलेपणानं कुणी वाढलं नव्हतं.

१४ जानेवारी, गुरुवार

लोलाची जखम बरी दिसतेय. बाळ मात्र अंग धरत नाहीये. दूध ओढतं, मग दमून सोडून देतं.

छातीला स्टेथो लावला. बाळाचा भराभर चाललेला श्वास नीट ऐकू आला. आणि त्याच्या खाली आणखी एक. संथ, जड, कफानं घरघरणारा. मोठ्या माणसाचा. स्टेथो बिघडला म्हणून स्वतःला लावून पाहिला, रोझालीला लावला. ठणठणीत.

घर ओलीनं सडलंय. खालच्या खोलीच्या भिंतीवर काळी बुरशी, आणि त्याच खोलीत चौघं झोपतात. वरची खोली रिकामी! का, म्हणून विचारलं तर रोझालीनं मान फिरवली. मी वर जाऊन पाहिलं. दाराला कडी बाहेरून आहे. झोपायच्या खोलीला बाहेरून कडी कोण लावतं?

घर फॅक्टरीच्या मालकीचं. सुपरवायझर कोल्मला फोन करून बुरशीचं सांगितलं. म्हणाला, ते लोक ग्रँड आहेत, म्हणजे इथल्या बोलीत मजेत, खिडकी उघडायला सांगा. ग्रँड! लेकराचं वजन वाढत नाही आणि याचं ग्रँड. गाडीत बसून एकटीच ओरडले.

१८ जानेवारी, सोमवार

शुक्रवारी बाळाला हॉस्पिटलात पाठवलं होतं. डॉक्टरांनी नीट तपासलं, एक्सरे काढला. छाती साफ. आज घरी मी पुन्हा ऐकलं, आणि तो आहेच. आज तो नुसता घरघरत नव्हता. एक शब्द बोलला. "नार्स." त्यांच्याकडे नर्सला तसंच म्हणतात.

माझ्या हातातला स्टेथो पडला. डोमिंगो कोपऱ्यात खोकत बसला होता. त्याची कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे, तरी कोल्मनं कामावर कधी येतोस म्हणून दोनदा विचारलं. मी काय ऐकलं ते सांगितल्यावर तो पांढराफटक पडला.

"तो नेस्टॉर आहे," म्हणाला. "गेल्या एप्रिलमध्ये इथे राहायचा. लाइनवर माझ्या शेजारी उभा असायचा. ताप आला तर कोल्मनं वरच्या खोलीत ठेवलं आणि कडी लावली. डॉक्टर आला असता तर फॅक्टरी बंद पडली असती. बाकीची पोरं सांगायची, आतून सारखा नर्सला हाका मारत होता. तिथेच गेला."

"आणि तुम्ही कुणीच दार उघडलं नाही?"

"आमचं कामाचं परमिट फॅक्टरीच्या हातात आहे, आते."

मी आजच माझ्या वरिष्ठांना सगळं कळवलं. चौकशी होईल म्हणाल्या. होईल! नऊ महिने तो माणूस कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

२० जानेवारी, बुधवार

डोमिंगोमुळे मला विलगीकरणात राहायचंय. वैदेहीनं फोनवर सांगितलं, "प्लीज, घरी नको येऊस." माझी बॅग दाराबाहेर ठेवली होती. तिचंही तान्हं आहे, कळतं मला. तरी दारातून हातसुद्धा हलवला नाही याचा राग आला तो आलाच.

ऑफिसनं विलगीकरणासाठी सिटीवेस्टच्या हॉटेलात सोय केली होती. मी नाही गेले, इथेच डोमिंगोकडे आले. मिगेल सकाळपासून दूध टाकतोय. एकाला हाका मारत मरू दिलं, दुसऱ्याला मी सोडून जाऊ?

वरच्या खोलीत सामान टाकलं. उशामागची भिंत ओली आहे. पुसली. पुन्हा ओली झाली. हात लावला तर कोमट, कुणीतरी अगदी जवळून श्वास सोडावा तशी. आता खाली, स्वयंपाकघरात बसून लिहितेय.

२२ जानेवारी, शुक्रवार

कोल्म दुपारी फाटकाशी आला. डोमिंगो सोमवारी कामावर हवा म्हणे. मी बाहेर जाऊन ओरडले. नेस्टॉरला कोंडून मारलंत तुम्ही!

तो शांतपणे म्हणाला, "युअर मॅन झोपेत गेला." इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो माणूस', नावसुद्धा नाही. "आणि बोलावलं असतं तरी तेव्हा कुठली नर्स आली असती?"

तेवढ्यात आत रोझाली किंचाळली. बाळाचे ओठ निळे. मी पाठ चोळतेय, तोंड साफ करतेय, डोमिंगो ॲम्ब्युलन्सला फोन करतोय. स्टेथो लावला. बाळाचा श्वास ऐकूच येईना. फक्त तो. त्यानं सगळी जागा घेतलेली.

इतका संताप आला की भीती वाटलीच नाही. त्या एवढ्याशा छातीवर तोंड टेकवून मराठीतच ओरडले, "नर्स पाहिजे ना तुला? ही बघ आलीय! लेकराला सोड, माझ्याकडे ये!"

मिगेल रडला. काय जोरात रडला! लोला माझे हात कपाळाला लावत राहिली.

ॲम्ब्युलन्स रोझालीला आणि बाळाला घेऊन गेली. कोल्म कधीच निघून गेला होता.

२३ जानेवारी, शनिवार

रोझालीचा फोन. बाळ पोटभर प्यायलं. गाढ झोपलंय. मी रडले.

मग स्वतःच्या छातीला स्टेथो लावला.

आहे.

२४ जानेवारी

आता स्टेथो लागत नाही. जिना चढले की तो खोकतो, माझ्या तोंडानं. टेस्ट निगेटिव्ह आहे माझी. लोला जवळ येत नाही. लांबूनच प्रार्थना पुटपुटते—

वाटलं होतं, नर्स मिळाली की शांत होईल. नाही. तो भयंकर चिडलाय.

२५ जानेवारी

विचारतो, तेव्हा का नाही आलीस. मी सांगते, तेव्हा मी वॉर्डात होते, मला कुणी कळवलं नाही. त्याला पटत नाही—

म्हटलं, कोल्मकडे जा. दिवसाढवळ्या गाडी समोरून जाते त्याची. शीळ घालत जातो तो! त्याला धर. तो म्हणाला, हाक मी त्याला नव्हती मारली.

सोमवार, दुपार असावी

वाक्य पुरं करायला श्वास— मी घेते, तो वापरतो—

डोमिंगोला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलंय. निघालीय म्हणतात—

रोझाली, बाळाला घेऊन या घरात परत येऊ नको. कुठेही जा. इथे—

अन्याय आहे रे हा. ज्यांनी कोंडलं ते— आणि मी— मी तर आले होते, नेस्टॉर, एकटी मीच तर—