दोन हात उंच ओटा

५ जानेवारी, रविवार
चहाची गाळणी सापडली नाही. ज्या घरात गाळणी सापडत नाही त्या घरात व्यवस्था नाही, आणि व्यवस्था नाही तिथे चिंतन संभवत नाही. रुमालातून चहा गाळला. रुमालही गेला, चहाही. किळस आली.
उज्वला म्हणाली, अहो, सिंकचा नळ तेवढा बदलून द्या. नळ! जिथे मूळ रचनाच सदोष आहे तिथे नळ काय करणार? ठरवलं. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत पाडायची. एकाच भिंतीला आठ फुटांत शेगडी, सिंक, फ्रिज. उरलेल्या जागेत माझं टेबल आणि पुस्तकं. सोय अर्थात उज्वलाची.

८ जानेवारी
मॉड्युलर किचनच्या शोरूमला गेलो. वेदिका नावाच्या मुलीने मला सलग अकरा वेळा अंकल म्हटलं. लॅमिनेटच्या एका रंगाचं नाव 'शँपेन वॉलनट'. रंग शेणाचा. तिने विचारलं, अंकल, घरात कुकिंग कोण करतं? म्हटलं, प्रश्न व्यक्तीचा नाही, तत्त्वाचा आहे. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला.
डिझाइन स्वतःच करायचं. महापालिकेच्या गटारांवर वीस वर्षं बातम्या दिल्या आहेत. स्वयंपाकघर त्यापेक्षा अवघड नसावं.

१२ जानेवारी
भिंत पाडली. धूळ इतकी की अमरकोश ओळखू येईना. उज्वलाला खोकला लागला. ती पिंपळगावला भावाकडे, नवनाथकडे गेली. म्हणाली, ओटा झाला की फोन करा, त्याच दिवशी येते. म्हटलं, आठ दिवस.

१५ जानेवारी
देवराम मिस्त्री चांदवडहून आले. पहिलंच वाक्य, वहिनींना बोलवा. यांची पद्धत अशी की घरातल्या बाईला भिंतीशी उभं करायचं, हात कोपरात वाकवायचा, कोपराच्या चार बोटं खाली पेन्सिलची रेघ मारायची. तोच ओटा. "लय सोप्पं हे सर, पंधरा वर्सं असंच करतोय."
म्हणजे शून्य शास्त्र. मी सांगितलं की प्राचीन ग्रंथांत माप यजमानाच्या देहावरून घेतात. यजमान मी. माझ्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. ओटा दोन हात उंच. देवरामने माझ्या सहा फुटांकडे खालून वर पाहिलं. "सर, भाकरी तुम्ही थापणार हे का?"
कारागिराशी वाद घालू नये.

२२ जानेवारी
स्वयंपाक पूर्वाभिमुख हवा, म्हणून ओटा पूर्वेच्या भिंतीला. सांडपाण्याचा पाइप पश्चिमेला आहे, हे बिल्डरचं अज्ञान. देवराम म्हणाला, पान्याला उतार लागतो सर, त्याला दिशा कळत नाय. पाइप हॉलमधून न्यावा लागला, त्यामुळे हॉलच्या मधोमध अर्ध्या फुटाची पायरी झाली. मी तिला व्यासपीठ म्हणतो. दोनदा ठेच लागली.

२ फेब्रुवारी
आठ दिवसांचे एकवीस झाले. रोज मिसळ. पोटात ज्वाला. उज्वलाचा रोजच्यासारखा फोन, ओटा झाला का? नव्वद टक्के, म्हणालो. (ग्रॅनाइट अजून आलेलं नाही.) मग नवनाथने फोन घेतला. "दाजी, ताई बसून कंटाळली, म्हणून पॅकहाऊसला लावली. द्राक्षांचा सीजन हे. पेट्या तपासती." म्हटलं, उत्तम. तेवढाच विरंगुळा.

१६ फेब्रुवारी
ग्रॅनाइट बसलं. भव्य. फ्रिज टोकाला ठेवला, तर दार भिंतीला अडून अर्धंच उघडतं. दूध निघतं, भाजीचा ट्रे निघत नाही. भाजी ताजी आणून खावी, हे आरोग्याला चांगलं.
उज्वलाचा फोन चारच मिनिटं. पॅकहाऊसच्या पोरी तिला मॅडम म्हणतात म्हणे. मला सव्वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

३ मार्च
स्वतः पोहे करून चाचणी घेतली. उंची निर्दोष. पाठ जराही वाकली नाही. पोहे करपले. निष्कर्ष: ओटा मला अगदी बरोबर आहे, स्वयंपाक मला येत नाही.
पहिल्याची जबाबदारी माझी. दुसरी गोष्ट गौण.

१६ मार्च, रविवार
फोन केला, ओटा झाला. उज्वला आली, नवनाथच्या टेम्पोतून. व्यासपीठाला ठेच. मग ओट्यापुढे उभी राहिली. कोपर ग्रॅनाइटच्या खाली. कढई शेगडीवर ठेवली तर टाचा उचलूनही तळ दिसेना. नवनाथ हसत सुटला, दाजी, ताईला शिडी आणा, नाय तर भाजी आरशात बघून परतावी लागंल. त्या माणसाला संस्कृतीचा गंध नाही.
उज्वला हसली नाही. चिडलीही नाही, चिडली असती तर मुद्दे मांडता आले असते. टेबल पाहिलं, पुस्तकं पाहिली. म्हणाली, आणि मी कुठे बसायचं?
मी पायरीकडे पाहिलं.
तासाभराने दोन साड्या आणि चष्मा पिशवीत घालून परत गेली. उद्या कंटेनर भरायचा आहे म्हणाली.

३० मार्च, पाडवा
गुढी एकट्याने उभारली. तिरकी. श्रीखंड विकतचं. आंबट. शेजारच्या सिंधुबाईंनी विचारलं, वहिनी नाहीत का? म्हटलं, सीझन आहे.

१३ एप्रिल, रविवार
द्राक्षांचा सीझन संपून आठवडा झाला.
देवरामला बोलावलं. ग्रॅनाइट काढून चार दिवसांत ओटा खाली घेतो म्हणाला, पन आता तरी वहिनींना उभं करा सर, माझ्या हाती रेघ मारू द्या. मान्य केलं.
उज्वलाला फोन लावला. म्हटलं, माप द्यायला ये. चूक माझी होती, हेही म्हटलं; दोनदा, कारण पहिल्यांदा रेंज गेली. ती शांतपणे म्हणाली, अहो, तुम्हाला बरं पडेल तेवढा करा. मग खोकल्याचं विचारलं तर म्हणाली, तो केव्हाच गेला.
ओटा कधी होणार, हे तिने विचारलं नाही. गेल्या चार आठवड्यांत एकदाही नाही.
ती आता येणार नाही, अशी मला भीती वाटते.