हाडांच्या खताची गिरणी

बारामती, ता. ६ जाने. १९३६
साखर कारखान्यातली कारकुनी सोडून महिना झाला. भास्करराव (यापुढं भा.रा.) शेतकी कॉलेजात शिकून आलेले. म्हणाले होते, "सदाशिव, तिथं तू शंभरातला एक. इथं आपण दोघंच. सगळं आपलं." खरं आहे. हाडं दळायची गिरणी आपली, इंजिन आपलं, घाणही आपलीच. आजची हाडं नीट वाळलेली नव्हती. मांस तसंच चिकटलेलं, त्यात वळवळ. दुपारी भाकरीचं फडकं सोडलंच नाही.

ता. १४, संक्रांत
दोनदा अंघोळ करून शेजारी तिळगूळ द्यायला गेलो. वहिनींनी माझ्या हातावर वरून, लांबूनच टाकला. यशोदा माझं ताट आता ओसरीवर वाढते. "रागवू नका, पर ह्यो वास सोसत न्हाय मला." बायकोवर रागावू कसा? मलाच सोसत नाही.

ता. २ फेब्रु.
चांगलंही लिहावं. कारखान्यात शाई हवी तरी साहेबाला विचारावं लागे. आज इंजिन बंद पडलं, भा.रा. पुण्याला. मीच उघडलं, तेलाची नळी साफ केली, हँडल मारलं. धडधडलं! कुणाला विचारलं नाही. घरी येताना शीळ घालत होतो. वाटेत लोक नाकाला पदर, उपरणं लावून बाजूला होत होते. तरी.

ता. ११
लक्ष्मण गावोगावची हाडं गोळा करून आणतो. महारवाड्यातला. तहान लागली म्हणून आज त्यानं आमच्या माठाला हात लावला, तर भा.रा.नी माठच फोडला. एवढा शिकलेला माणूस! तिघांच्या अंगाला एकच घाण, एकच माश्या. लक्ष्मणनं खापरं गोळा केली. मी भा.रा.ना हटकलं नाही. स्वतःचीच शिसारी अजून जात नाही.

ता. २६
हाडांचं खत म्हटलं की माळकरी लोक शिवत नाहीत. म्हणून भा.रा. आता सांगतात, झाडपाल्याचं आहे. मला विचारलं नाही. हेच ते 'आपण दोघंच'! वर मलाच म्हणाले, "खोटं कुठं? जनावरं पालाच खातात ना?" हसत सुटले. मला किळस आली.

अंथुर्णे, ता. ८ मार्च
सासुरवाडीला आलो. सासरे, आबा, गळ्यात तुळशीची माळ. उसाच्या बांधावर आमचीच पोती! भा.रा. परस्पर विकून गेलेले. आबांनी बाजूला घेतलं.
"जावईबापू, भास्करराव झाडपाल्याचं म्हंत्यात. व्हय का?"
"न्हाय आबा. मेल्या जनावरांची हाडं हायती."
आबांनी पोत्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "नाक मलाबी हाय. वास येतुया मला. पर तुमी कशापायी बोलला? आता ठेवता येत न्हाय."
गडी बोलावला, पोती रस्त्यावर काढायला लावली. शेजारच्यानं हेच खत घातलंय. त्याचा ऊस दाखवत म्हणाले, "बघा कसा काळाभोर आलाय." आणि थुंकले. उसावर, खतावर, का माझ्यावर, कळलं नाही.
म्हणजे त्यांना खरं ऐकायचंच नव्हतं. जेवायला थांबलो नाही.

बारामती, ता. १०
भा.रा. तापले. "सासऱ्यापुढं हरिश्चंद्र झालास! आता अंथुर्ण्यात एक पोतं खपायचं नाही."
म्हटलं, "मग मला यात धरू नका." हात पुसले, निघून आलो. यशोदेला (य.) सांगितलं. तिनं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं, उद्याला राखून.

ता. १५
भा.रा. स्वतः घरी आले. इंजिन त्यांच्यानं चालू होईना. ओसरीवर बसले, चहा घेतला, गोड बोलले. "इंदापूरला दुसरी गिरणी काढू. निम्मी तुझी. विचार कर."
ते गेल्यावर य. दाराआडून बाहेर आली. "निम्मी म्हंजी मालकच की."
"आणि वास?"
"वासाचं बघू."
"खोटं बोलून विकायचंय."
"त्ये त्यांनी बोलावं. तुमी इंजिन बघा."
हिलाही हे सोपं वाटतं. आणि मला? 'निम्मी' हा शब्द कालपासून डोक्यात घोळतोय... नाही, आजच आले ते. कालपासून वाटतंय खरं.

ता. १९
भा.रा.नी गिरणीवर बोलावून पुण्याहून छापून आणलेलं नमुन्याचं पोतं दिलं. मी होकार दिलेला नाही, तरी छापून तयार. वर ठळक 'शुद्ध वनस्पती खत', मधे कमळ, खाली 'भास्करराव व सदाशिवराव, बारामती-इंदापूर'. मला आजवर कुणी राव म्हटलेलं नाही. पोतं तिथंच टाकून यायचं होतं. घडी घालून घरी आणलं.
य.ला वाचता येत नाही. तिनं ते जमिनीवर पसरलं, हातानं सारखं केलं.
"तुमचं नाव कुठलं ह्यात?"
तिचं बोट धरून दाखवलं. एकेका अक्षरावरून तिनं ते फिरवलं. इतकी खूश बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मग बोट वर नेलं.
"आन् ह्ये मोठ्ठं काय लिवलंय?"
अजून सांगितलेलं नाही.