मागच्या सीटवर तिघं

लालबाग, शनिवार संध्याकाळ

प्रिय सुरुची,

बाळाला, तुझ्या छोट्या बहिणीला, उद्या सकाळी सोडणार! मोठ्या डॉक्टरबाई आज राउंडला आल्या आणि त्यांनीच आईला सांगितलं: कावीळ उतरली, वजन वाढायला लागलंय, आता घरी न्या. आई फोनवर रडत होती आणि हसतही होती, त्यामुळे मला सगळं पुन्हा पुन्हा विचारावं लागलं. दुसरी बातमी माझी आहे आणि तिची खात्री मी स्वतः करून घेतली आहे. आपल्या गाडीत मागे मुलांच्या तिन्ही सीट बसल्या! बाळाची, आपल्या छोट्या ध्रुवची आणि तुझी, एका ओळीत. तू फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. श्यामकांत आजोबा परळच्या हॉस्पिटलात आईला बघून आत्ता आपल्याकडे चहाला आलेत. त्यांचा चहा संपायच्या आत लिहून त्यांच्याच हाती गिरगावला पाठवायचंय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

मागच्या रविवारी काय झालं ते तू पाहिलंसच. बाळाची टोपलीसारखी सीट एका खिडकीशी आणि ध्रुवची जुनी सिंहासनासारखी सीट दुसऱ्या खिडकीशी लावली, तर मधे उरली वीतभर जागा. तेवढ्यात माझी आई दारातून म्हणाली, “आता सुरुचीक खंय बसवतलस? ती येयत आजोबांवांगडा टॅक्सीन.” तू आजोबांबरोबर टॅक्सीने यावंस, एवढंच; तिच्या मनात काही नव्हतं गं. मेथीची जुडी निवडता निवडता बोलली ती. तू मात्र वर गेलीस, दप्तर भरलंस, आणि शाळा गिरगावातच आहे, आजोबांकडूनच जवळ पडेल, असं सांगून निघालीस.

तेव्हापासून मी रोज ऑफिसमधून आलो की गाडीत शिरतो. चाळीतली मुलं विचारतात, काका, गाडीत राहायला गेलात का? मला वाटायचं, हा नुसता रुंदीचा प्रश्न आहे. टेप घेऊन मापं काढली. मग कळलं की भानगड पट्ट्यांची आहे. आपल्या गाडीत मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा आहे. तुझ्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो, म्हणजे तुला खिडकीच हवी. बाळाच्या सीटलाही तोच पट्टा लागतो, म्हणजे तिलाही खिडकीच. राहिला ध्रुव. त्याच्या सीटला स्वतःचे पट्टे असतात, ती मधे कमरेच्या पट्ट्याने बांधलेली चालते, तसं तिच्या पुस्तिकेत लिहिलंय. बसवली मधे. तर तिच्या त्या दोन ग्लास ठेवायच्या कानांखाली तुझ्या पट्ट्याचं बक्कल गडप! बोट आत जाईना. बक्कल न लागलेला पट्टा म्हणजे नुसती शोभा.

मग काल दादरला गेलो आणि ध्रुवसाठी अंगाने बारीक सीट घेतली. तिला ग्लासाचे कान नाहीत, याबद्दल तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तुझ्यासाठीही तिथेच एक घेतली, खालून उंच करणारी, पाठ असलेली. तू म्हणशील, मी काय बाळ आहे? दुकानदारही तेच म्हणाला, “साहेब, नऊ वर्षांच्या मुलीला कशाला? नुसता पट्टा लावा की.” मी म्हटलं, तिचा पट्टा गळ्यावरून जातो, तो खांद्यावरून जायला हवा, आणि तिची उंची वाढली की ही सीट मी स्वतः काढून टाकीन. मग त्याने विचारलं, “मुलं किती तुम्हाला?” मी तीन म्हणालो. सहज म्हणालो. बाहेर पदपथावर आल्यावर लक्षात आलं की हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी मोठ्याने सांगितलं, आणि खोकं डोक्यावर घेऊन नाचावंसं वाटलं.

आज दुपारी शेवटी जमलं. आधी मधली सीट घट्ट आवळायची, मग दोन्ही कडेच्या. हा क्रम चुकला की सगळं चुकतं. बाळाची सीट आईच्या मागे, तुझी माझ्या मागे. बाळाच्या सीटसाठी आईची सीट जरा पुढे घ्यावी लागली, पण आई बुटकी आहे ते आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलं. हे तिला सांगू नकोस. तुझ्या बक्कलाचा आवाज मी किती वेळा ऐकला असेन! खट्. आजीच्या अडकित्त्यासारखा.

पण आमच्या घरात काही सरळ होतं का? माझ्या आईने पाहिलं की बाळाची सीट उलटी आहे, तोंड डिकीकडे. मी समजावलं, तान्ह्याची मान नाजूक, ब्रेक लागला तर उलट्या सीटमध्ये अख्ख्या पाठीला आधार मिळतो. ते तिला पटलं. मांडीवर घेऊन येण्याचा हट्टही तिने सोडला. पण आमच्यात बाळ पहिल्यांदा घरी येताना त्याचं तोंड घराकडे असावं लागतं, हे काही ती सोडेना. “मेल्या, चेडू पयल्यांदा घराक येता आणि घराक पाठ करून?” मी हताश होऊन बॉनेटवर बसलो. मग तीच जरा वेळाने म्हणाली, “मगे गाडी उलटी घे. तुका येता ना रिव्हर्स?”

सुरुची, आम्ही त्याची रंगीत तालीम केली! नाक्यापासून चाळीच्या दारापर्यंत रिकामी गाडी उलटी आणली. शेजारचा निलेशदादा मागे उभा, आणि गॅलरीतून सगळी चाळ, “येऊ दे, येऊ दे... डावा मार... अरे डावा म्हणजे तुझा डावा!” इंचाइंचाने गणपती गल्लीबाहेर काढणारी माणसं ही, माझ्यासारख्याला सोडतील होय? माझ्या आईला मी म्हटलं, आता गाडीत तुला जागा राहिली नाही. तर म्हणते, “मी घराकच रवतंय. दारात ओवाळूक कोण नको?” आणि हळूच विचारलं, “सुरुची येतली मा?”

तुझ्या आईशी लग्न करून मी तुमच्यात आलो तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तुझे बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. आपण तिघं पहिल्यांदा गाडीने राणीच्या बागेत गेलो, तेव्हा तू मागून म्हणालीस, “काका, तुम्ही पट्टा नाही लावला.” माझी काळजी तुला वाटते याचा मला इतका आनंद झाला की मी पूर्ण रस्ता गाडी बैलगाडीसारखी हाकली.

आजोबांचा चहा संपत आलाय, म्हणून आता खरं ते लिहितो. त्यांनी मला मघाशी सांगितलं की तू त्यांना विचारलंस, मी कायमची इथेच राहिले तर चालेल का, कारण विनीतकाकांची गाडी आता भरली. ते चालेल म्हणाले, आणि चालायलाच हवं, कारण तुझ्या बाबांचं घर तुझंच आहे. ते मी कधीच नाकारणार नाही. पण गाडी भरली हे खोटं आहे. हे सांगायलाच लिहायला बसलो. उद्या सकाळी मी आणि ध्रुव आधी गिरगावला येतोय. गाडी खाली उभी राहील, गॅलरीतून बघ. उतरलीस तर तुला घेऊन परळला जाऊ. नाही उतरलीस तर रागावणार नाही, पण तुझी सीट काढणार नाही. ती तशीच परळला नेऊ, तशीच घरी आणू, आणि पुढच्या शनिवारी तिच्यासकट पुन्हा तुझ्या दाराशी येऊ.

उद्या वाट बघणारा, तुझाच
विनीतकाका